निवाऱ्याला बाहेर पडण्याचे दारही हवे

मुंबई-पुण्यात सुटीच्या दिवशी भरणाऱ्या प्राणी-दत्तक शिबिरांत सहसा एकच चित्र दिसते. सकाळी पिल्लांच्या भोवती मुलांची झुंबड उडालेली असते आणि दुपारपर्यंत बहुतेक पिल्लांना घर मिळालेले असते. मांडवाच्या कडेला पट्ट्याने बांधलेली तीन-चार वर्षांची कुत्री मात्र आल्या गाडीने परत जातात. त्यांची चौकशी होते, डोक्यावरून हात फिरतो, क्वचित छायाचित्रही काढले जाते. पण घरी नेण्याची वेळ आली की 'एखादे लहान पिल्लू नाही का?' असाच प्रश्न येतो.

कालपरवापर्यंत ही प्राणिप्रेमींच्या वर्तुळातली खंत होती. २०२५ सालच्या घडामोडींनंतर ती नागरी धोरणाची बाब बनली आहे. त्या वर्षी ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावरून देशभर वादळ उठल्यावर २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण, जंतनाशक औषध आणि लसीकरण झाल्यावर कुत्र्यांना मूळ जागी सोडावे; रेबीज झालेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडू नये, असे ठरले. प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढवण्यात आली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत व पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश झाला.

या सगळ्या गदारोळात २२ ऑगस्टच्या आदेशातील एक तरतूद फारशी चर्चेत आली नाही. इच्छुक नागरिकांना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरची कुत्री दत्तक घेता येतील, अशा कुत्र्याला ओळखचिन्ह लावले जाईल आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील, असे न्यायालयाने म्हटले होते. म्हणजे निवाऱ्यात जाण्याचा मार्ग आखतानाच तेथून बाहेर पडण्याचा मार्गही न्यायालयाने सुचवला होता. पहिल्या मार्गावर गाड्या धावू लागल्या. दुसऱ्याकडे पाहण्याची सवड अजून कोणाला झालेली नाही.

साधे गणित

निवारा ही जागा मुक्कामाची आहे की आजन्म कैदेची, हे तेथून किती कुत्री बाहेर पडतात यावर ठरते. दोनशे कुत्र्यांची सोय असलेल्या निवाऱ्यात पहिल्या दोन महिन्यांत दोनशे कुत्री आली आणि एकही बाहेर गेले नाही, तर तो निवारा पुढची कित्येक वर्षे बंद झाल्यासारखाच असतो. नीट खाणेपिणे मिळालेला कुत्रा दहा-बारा वर्षे सहज जगतो. त्याचा खर्च रोजचा असतो. तिसऱ्या महिन्यात येणाऱ्या नव्या कुत्र्याला मात्र जागा उरत नाही. मग गर्दी वाढते, मारामाऱ्या होतात, डिस्टेंपर आणि पार्व्होसारखे संसर्ग एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात पसरतात. उदात्त हेतूने उभारलेल्या वास्तूचा कोंडवाडा होतो.

देशाचा आकडा पाहिला तर हा प्रश्न किती मोठा आहे ते कळते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदली गेली. २०१२ च्या गणनेत ती १ कोटी ७१ लाख होती. दुसऱ्या बाजूला, केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. चावा बसलेल्या मुलाच्या आईबापांची भीती खोटी नाही आणि ती 'प्राणिद्वेष' म्हणून उडवून लावणे हा अप्रामाणिकपणा आहे.

दीड कोटी कुत्र्यांना घरे मिळणार नाहीत, हे उघड आहे. दत्तकविधान हा भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावरचा उपाय नव्हे. तो उपाय निर्बीजीकरण, लसीकरण आणि कचऱ्याचे व्यवस्थापन यांतच आहे. मुंबई महापालिकेने कुत्री मारण्याचे धोरण १९९४ मध्ये सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. महानगरातील कुत्र्यांची संख्या २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार होती, ती दहा वर्षांनंतर सुमारे ९१ हजारांवर आली. घट मोठी नाही. पण मधल्या काळात शहर किती वाढले हे लक्षात घेता ती क्षुल्लकही नाही. दत्तक घेण्याचे महत्त्व वेगळे आहे. ज्यांना रस्त्यावर परत सोडता येत नाही, अशा कुत्र्यांसाठी तोच एक मानवी मार्ग उरतो. आणि अशी कुत्री जवळजवळ सगळी प्रौढ असतात.

निवाऱ्यात कोण असते?

याला कारण आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्र्याला निर्बीजीकरणासाठी पकडता येत नाही. त्यामुळे पालिकेच्या गाडीतून येते ते वाढलेले जनावर. त्यात यंत्रणेच्या नव्या आदेशांनुसार शाळा-रुग्णालयांच्या आवारातून हलवलेल्या कुत्र्यांची भर पडते. वर्षानुवर्षे सुरक्षारक्षक, परिचारिका आणि कँटीनवाल्यांच्या हातचे खाऊन माणसाळलेली अनेक कुत्री यांत असतात. अपघातात पाय गमावलेली किंवा दृष्टी गेलेली कुत्री हा दुसरा गट.

तिसरा गट सर्वात बोलका आहे. तो म्हणजे माणसांनी हौसेने विकत घेतलेली आणि मग टाकून दिलेली जातिवंत कुत्री. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे धावणारा पग घराघरांत पोहोचला आणि शहरांत त्या जातीची मागणी वाढली. चपट्या नाकामुळे या कुत्र्याला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणे किती कठीण जाते, हे जाहिरातीत दिसत नव्हते. नंतर दूरचित्रवाणी मालिकांमुळे बर्फाळ प्रदेशातील हस्की लोकप्रिय झाला. टाळेबंदीच्या काळात घरी बसलेल्यांनी सोबतीला पिल्ले आणली; कार्यालये सुरू झाल्यावर त्यांतली काही निवाऱ्यांच्या दारात बांधलेली आढळली. बदली झाली, घरमालकाने नकार दिला, मूल जन्माला आले, ही कारणे ठरलेली असतात. त्यांत कुत्र्याचा दोष क्वचितच असतो.

अशा माणसांना कायद्याचा धाक नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ ही रक्कम तशीच आहे. ज्या कुत्र्यासाठी हजारो रुपये मोजले, त्याला महामार्गावर सोडून देण्याची किंमत एका वडापावाच्या बिलाएवढी असावी, यावर वेगळ्या भाष्याची गरज नाही.

तीन समजुती

प्रौढ कुत्रा नाकारण्यामागे तीन समजुती असतात. पहिली म्हणजे, मोठा कुत्रा नव्या माणसाला जीव लावत नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ मध्ये निवाऱ्यातील प्रौढ कुत्र्यांवर केलेला अभ्यास वेगळेच सांगतो. अनोळखी माणसाबरोबर प्रत्येकी दहा मिनिटांच्या अवघ्या तीन भेटी झाल्यावर ही कुत्री त्या माणसाशी आपल्या माणसाशी वागावे तशी वागू लागली. कोलकात्याच्या 'आयसर' या केंद्रीय विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेले काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसावर कुत्र्यांचा विश्वास बसण्यात खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरलेल्या हाताचा वाटा अधिक होता, असे त्यात दिसले. नाते जुळण्याची क्षमता वयाबरोबर संपत नाही; संधी मिळत नाही, एवढेच.

दुसरी समजूत आपल्या म्हणींत मुरलेली आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, तेव्हा वाढलेल्या कुत्र्याला काय शिकवणार? वस्तुतः उलटे आहे. घरात घाण न करणे, बाहेर जाण्याच्या वेळा पाळणे या गोष्टी प्रौढ कुत्रा पिल्लापेक्षा लवकर उचलतो, कारण मलमूत्रावर त्याचे शारीरिक नियंत्रण पूर्ण झालेले असते. चपला आणि सोफा कुरतडण्याचे वय सरलेले असते. पिल्लांना गाठणाऱ्या पार्व्होसारख्या आजारांचा सर्वाधिक धोक्याचा काळ मागे पडलेला असतो. मुख्य म्हणजे, तो केवढा होणार, कसा वागणार, हे घेण्यापूर्वीच दिसते. गल्लीतले पिल्लू मोठेपणी शांत निघेल की तापट, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चार वर्षांच्या कुत्र्याबद्दल त्याला रोज खायला घालणारा माणूस सांगू शकतो.

तिसरी समजूत अशी की, एकाने टाकले म्हणजे त्यात काही तरी खोट असणार. या समजुतीचे उत्तर मुंबईनेच दिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात स्फोटके हुडकणारी मुंबई पोलिसांची मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही कुत्री निवृत्तीनंतर विरारजवळच्या एका फार्मवर राहायला गेली. आयुष्यभर एका हँडलरच्या आज्ञेत राहिलेल्या या कुत्र्यांनी उतारवयात नवी माणसे आणि नवी जागा आपली मानली. २०१६ मध्ये एकामागोमाग एक चौघेही गेले, तेव्हा शहराने हळहळ व्यक्त केली. निवाऱ्यातल्या अनाम कुत्र्याची क्षमता याहून निराळी नसते.

दयेच्या भरात नको

तथापि, प्रौढ कुत्रा म्हणजे तयार मिळालेला आज्ञाधारक सोबती, असे चित्र रंगवणे हीदेखील फसवणूकच ठरेल. कुत्र्याच्या वाढीत साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा काळ माणसाशी आणि जगाशी ओळख होण्याचा असतो. ज्याला त्या वयात माणसाचा सहवासच लाभला नाही, तो पुढे माणसाला बिचकत राहू शकतो. पाच वर्षे मोकळ्या रस्त्यावर आपली हद्द राखून जगलेल्या कुत्र्याला सातव्या मजल्यावरची दोन खोल्यांची सदनिका तुरुंगासारखी वाटू शकते. अशा कुत्र्याला निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याच्या जागी राहू देणे हीच खरी दया. प्रत्येक भटका कुत्रा दत्तक देण्याजोगा नसतो, हे प्राणिप्रेमी संस्थांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे.

घरी आल्यावरचा काळही सोपा नसतो. निवाऱ्यांत काम करणारे नव्या पालकांना एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस कुत्रा भांबावलेला असतो. पलंगाखाली बसून राहतो, खात नाही. लोकांना तो 'किती शांत' वाटतो. प्रत्यक्षात तो घाबरलेला असतो. तीन आठवड्यांत घराचे वेळापत्रक त्याला कळते आणि खरा स्वभाव दिसू लागतो. एकटे ठेवल्यावर रडणे, खाण्याच्या भांड्याजवळ कोणी आल्यास गुरगुरणे, फटाक्यांना घाबरणे या गोष्टी याच काळात समोर येतात. घर आपले आहे अशी खात्री पटायला सुमारे तीन महिने लागतात. हा हिशेब शास्त्रीय नियम नव्हे, अनुभवाचा अंदाज आहे. पण अनेक कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात परत केली जातात ती हा अंदाज कोणी दिलेला नसतो म्हणून.

आरोग्याची बाजूही उघड असावी. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे ताप कुत्र्यांत सर्रास आढळतात आणि काही वेळा ते वरून दिसत नाहीत. रक्ततपासणी न करता कुत्रा घरी देणे म्हणजे नव्या कुटुंबाला अकल्पित खर्चात ढकलणे होय. रेबीजची लस, वार्षिक लसीकरण, जंतनाशक आणि दातांची निगा हा खर्च कुत्रा फुकट मिळाला म्हणून टळत नाही.

जगाचा अनुभव

निवाऱ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या इतर देशांचा अनुभव येथे उपयोगी पडावा. तुर्कस्तानच्या संसदेने जुलै २०२४ च्या अखेरीस कायदा करून भटकी कुत्री उचलून, त्यांना घर मिळेपर्यंत निवाऱ्यात ठेवण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. तेथील सरकारच्या अंदाजाने कुत्री होती चाळीस लाख, आणि देशातील सव्वातीनशेच्या आसपास निवाऱ्यांची एकत्रित क्षमता होती सुमारे एक लाख पाच हजार. पुरेसे निवारे उभारण्यासाठी नगरपालिकांना २०२८ पर्यंत मुदत देण्यात आली. कुत्री आत नेण्याचा हुकूम एका दिवसात निघतो, त्यांना घरे मात्र एकेक करून शोधावी लागतात, हा यातला धडा आहे.

ब्रिटनमध्ये वेगळ्या टोकाने विचार झाला. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लांची दलालांमार्फत विक्री बंद झाली. पिल्लू घ्यायचे तर थेट पैदासकाराकडून, नाही तर निवाऱ्यातून. भारतातही २०१७ चे श्वान पैदास व विक्री नियम आणि २०१८ चे पाळीव प्राणी दुकानांचे नियम अस्तित्वात आहेत. पैदासकाराची नोंदणी बंधनकारक आहे, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. पण समाजमाध्यमांवरून आणि मोटारीच्या डिकीतून चालणारा व्यापार या नियमांना जुमानत नाही. एका दाराने पिल्लांचा बाजार सुरू ठेवून दुसऱ्या दाराने निवाऱ्यातील कुत्र्यांना घरे मिळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या निधीची गरज आहे असे नाही. निवाऱ्यात येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची पहिल्या दिवसापासून नोंद ठेवली गेली पाहिजे: अंदाजे वय, कोठून आला, माणसांशी, मुलांशी, इतर कुत्र्यांशी कसा वागतो, कोणते आजार झाले. रुग्णालयाच्या आवारातून आणलेल्या कुत्र्याला तेथे खाऊ घालणाऱ्या परिचारिकेकडे दोन वाक्यांची चौकशी केली तरी त्याचा अर्धा स्वभाव कळतो. आज पकडणारी गाडी ही माहिती मागेच सोडून येते.

दुसरे, दत्तक देण्यापूर्वी काही आठवडे कुत्रा तात्पुरत्या पालकाच्या घरी राहण्याची सोय असावी. पिंजऱ्यात भुंकणारा कुत्रा घरात कसा वागेल, हे घरातच कळते. न जमल्यास परत करणाऱ्याला अपराधी ठरवू नये. लाजेपोटी निवाऱ्यात परत न आणता गुपचूप रस्त्यावर सोडलेला कुत्रा सर्वात वाईट. तिसरे, दत्तक घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पालिकेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत सवलतीचे उपचार मिळावेत. एका कुत्र्याला आयुष्यभर पोसण्यापेक्षा हा खर्च पालिकेला कितीतरी स्वस्त पडेल. चौथे, प्रत्येक पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप लावून मालकाची नोंद व्हावी आणि पन्नास रुपयांच्या दंडाची तरतूद संसदेने बदलावी.

उरतो प्रश्न गृहनिर्माण संस्थांचा. केंद्रीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तरीही 'मोठा कुत्रा चालणार नाही' या एका वाक्यावर अनेक दत्तकविधाने मोडतात. त्यातही भाडेकरूची स्थिती अधिक बिकट असते. शेजाऱ्यांची भीती ठरावांनी जाणार नाही. लसीकरणाचे प्रमाणपत्र, पट्टा आणि मालकाने उचललेली घाण यांनीच ती हळूहळू कमी होईल.

शहरातील आणखी एका वर्गाचा विचार या संदर्भात व्हायला हवा. मुले परगावी किंवा परदेशी गेलेली, सत्तरीकडे झुकलेली जोडपी पुण्या-मुंबईच्या कित्येक इमारतींत आहेत. त्यांना पिल्लू देणे शहाणपणाचे नाही. त्याच्या धावपळीला ती पुरी पडणार नाहीत आणि कदाचित ते त्यांच्या मागे उरेल. सात-आठ वर्षांचा शांत कुत्रा मात्र त्यांच्या चालण्याच्या वेगाने चालतो. निवाऱ्यात ज्याला सर्वात कमी विचारले जाते, तोच येथे सर्वात योग्य ठरतो.

दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा ठेवणाऱ्या समाजाला करुणा शिकवावी लागत नाही. उणीव आहे ती व्यवस्थेची आणि खरी माहिती देण्याची. न्यायालयीन आदेशांचे तपशील पुढे कसेही बदलोत, उचललेल्या कुत्र्यांची संख्या जाहीर करणाऱ्या प्रत्येक महापालिकेने त्याच तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा: किती कुत्र्यांना घर मिळाले. हा रकाना कोरा राहिला, तर रस्त्यावरचा प्रश्न भिंतीआड गेला एवढेच म्हणावे लागेल. तो सुटला असे नव्हे.